घोडबंदर रोडवरचा पाठलाग

पोलिसांना हूल देऊन पळण्याचा मला अनुभव आहे. अंतर साधारण दोन बसगाड्यांचं.

बायकोच्या बहिणीच्या मुलीचं लग्न, हॉल घोडबंदर रोडला. आम्ही डोंबिवलीहून गाडीने निघालेलो. बायकोच्या मांडीवर रुखवताचा मुख्य ऐवज : पाकाने चिकटवलेलं बत्ताशांचं तुळशीवृंदावन. आठवडाभर घरातल्या मुंग्या आणि मी, दोघंही त्याच्याभोवती दबकून वावरत होतो. धक्का लागेल म्हणून बायकोने सीटबेल्टही लावला नव्हता.

समोर वाहतूक पोलीस. हातात मोबाइल (आमच्यावरच रोखलेला). त्याने 'बाजूला घ्या' अशी खूण केली, आणि उभ्या जन्मात लायब्ररीचं पुस्तकही उशिरा परत न केलेल्या मी गाडी पळवली.

"अहो, तो थांबवतोय."

"अगं, बेल्टसाठी कोणी पाठलाग करत नाही. करूही नये. उगाच अपघात होतात."

"मग पळताय कशाला?"

"पाठलाग करत नाहीत म्हणून."

या उत्तराचा अर्थ मलाच लागेपर्यंत पुढे ट्रॅफिक तुंबलेला दिसला. करकचून ब्रेक दाबला. वृंदावन पुढे आदळलं आणि चुरा होऊन बायकोच्या पैठणीवर विसावलं.

आरशात पोलीस दिसत होता. रुमालाने मान पुसत, चालत येत होता. पळावं तर गाडी हलेना, शरण जावं तर कोणी 'थांब' म्हणेना. (मी फरारी आहे की पार्क केलेला, तेच कळेना.)

त्याने काच वाजवली. "काका, पळालात कशाला?"

"तुम्ही पाठलाग कराल असं वाटलं नव्हतं."

"पाठलाग कसला? मी चहाला चाललोय. तुमचा फोटो मघाशीच काढला, दंडाचा मेसेज येईल." मग आत डोकावून, "ताई, हे काय होतं?"

"रुखवत," बायको म्हणाली. त्या आवाजापुढे मला दंड फारच सौम्य वाटला.

हॉलवर मेव्हणीने रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "निदान फोटो तरी?"

दृष्ट लागेल म्हणून बायकोने एकही काढू दिला नव्हता. तेवढ्यात दंडाचा मेसेज आला.

शेवटी टेबलावर मधोमध माझा मोबाइल उभा करण्यात आला. फोटोत वृंदावन अखंड, देखणं; शेजारी स्टिअरिंगला चिकटलेला मी. पाहुणे वाकून वाकून कौतुक करत होते. नवऱ्या मुलाच्या काकांनी तर चष्मा लावून निरखलं आणि बायकोला म्हणाले, "वृंदावन सुरेखच. पण शेजारचा वृंदेचा नवरा, जालंधर राक्षस, काय हुबेहूब जमलाय. तोही बत्ताशांचाच का?"