लेबलं गेलेल्या बरण्या

माझा हात रिकामा राहत नाही, हा माझा जुना दुर्गुण. कर्वेनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचं माझं पहिलं वर्ष होतं, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये पुन्हा बोलावलं तर नोकरी, नाही तर रामराम. बोलवायचं की नाही हे आमच्या विभागप्रमुख मॅडम ठरवणार, आणि त्या कौतुकाचा शब्द केशरासारखा जपून वापरत.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मला अवदसा आठवली. बाहेरून परीक्षक येणार आणि अपृष्ठवंशी प्राण्यांच्या बरण्यांवर बोटभर धूळ. मी सगळ्या तेवीस बरण्या साबणाच्या कोमट पाण्यात उभ्या केल्या आणि चहाला गेले. परत आले तर बरण्या लखलखीत, आणि नावांची लेबलं सुटून पाण्यावर तरंगतायत, शाई पार धुऊन गेलेली. उद्या मुलं ह्याच बरण्या बघून प्राणी ओळखणार, आणि कशात कोण आहे हे कुठेच लिहिलेलं नाही. त्यात माझा विषय मासे. पाठीचा कणा नसलेल्या मंडळींशी माझी ओळख पास होण्यापुरती.

प्रयोगशाळेतले काका टबात डोकावले आणि म्हणाले की आता रडून काय उपयोग, एकेक बाहेर काढा. त्यांनी प्राणिशास्त्राचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं, पण वीस वर्षं दारापाशी स्टुलावर बसून सगळे तास ऐकले होते.

आम्ही लावायला बसलो. अंगभर छिद्रं, म्हणजे स्पंज, तो रंध्रीयांत. छत्रीसारखं मऊ अंग आणि खाली लोंबणारे दोरे, तो जेलीफिश. पानासारखा चपटा, तो मेंढीच्या यकृतातला कृमी. दोन्ही टोकांना निमुळता आणि गुळगुळीत, तो जंत. अंगभर वळी असलेले गांडूळ आणि जळू वलयींत. कोळंबी, विंचू, गोम यांच्या पायांना सांधे, त्यामुळे संधिपादांची चिंताच नव्हती. गोगलगाय मऊ अंगाची, मृदुकाय. एक हात तुटलेला तारामासा काकांनी लांबूनच ओळखला, कारण तो हात त्यांच्याकडूनच तुटला होता.

शेवटी एक बरणी उरली. आत काळपट, सुरकुतलेलं काहीतरी, उन्हात विसरलेल्या दोडक्यासारखं. मी ते खुशाल वलयींत ढकलायला निघाले, तर काकांनी बरणी धरून ठेवली.

"मॅडम, दरवर्षी निम्मी मुलं इथेच कृमी लिहितात आणि मार्क घालवतात."

बरोबर काय, ते मात्र त्यांना आठवेना. मला असा राग आला की बास. काकांचा नाही, माझाच. मग मुकाट्यानं भिंग घेतलं. वळी नव्हतीच, नुसत्या सुरकुत्या. अंगावर उभ्या ओळींत बारीक नळ्यांसारखे पाय. ओळी मोजल्या तर पाच, तारामाशाच्या हातांइतक्याच. समुद्रकाकडी होती ती, कंटकचर्मी, तारामाशाची सख्खी भावकी. मला हसूच फुटलं. नवी लेबलं लिहून चिकटवली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी नावं झाकून, वर नंबर टाकून परीक्षा पार पडली. नंतर नावांवरचे कागद काढताना मॅडमना लेबलं नवी दिसली. बरण्या धुवायचा शहाणपणा तुम्हाला कोणी सांगितला होता, असं म्हणून त्यांनी काकांना फैलावर घेतलं. काका खाली मान घालून उभे. मीही क्षणभर गप्प राहिले, खोटं कशाला बोलू? जून डोळ्यासमोर होता. पण काकांकडे बघवेना.

"मॅडम, बरण्या मी धुतल्या. काकांमुळे नावं तरी परत लागली."

त्या माझ्याकडे वळल्या. तेवढ्यात परीक्षक म्हणाले की नावं सगळी बरोबर आहेत. ते कुठेही गेले तरी आधी समुद्रकाकडीच तपासतात, आणि बऱ्याच ठिकाणी ती कृमींत सापडते. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"पुढच्या वर्षी लेबलं पेन्सिलनं लिहा आणि बरणीच्या आत टाका. शाईची चिकटवून परत धुवायला बसू नका."

मी हो म्हणाले आणि खाली मान घालून बरण्या कपाटात लावू लागले. पाचवी बरणी ठेवताना त्या काय म्हणाल्या ते डोक्यात शिरलं. मी काकांच्या स्टुलावर मटकन बसले. काका उभेच होते, हसत.

"पुढच्या वर्षी म्हणाल्या, मॅडम. मी ऐकलं."

सुटले बाई एकदाची.