नोंदवहीवरचा तळहात

आमच्यात माणसाला पुरतात. रुद्रभूमीच्या, म्हणजे आमच्या दफनभूमीच्या, जुन्या नोंदवह्या सांभाळणारा तो माणूस मात्र ‘मेला’ हा शब्द कधीच उच्चारत नाही. त्याच्या लेखी माणसं ‘येतात’. “तुमचे पणजोबा कवा आले, बघू की,” म्हणत तो एकेका ओळीखाली फूटपट्टी सरकवतो. पणजोबांच्या घरात कोण कोण होतं ते शोधायला मी तीन सोमवार त्याच्यासमोर बसलो. वहीला त्यानं एकदाही हात लावू दिला नाही. मला त्याचा रागच यायचा.

काल पणजोबा सापडले. मग मागची पानं उलटताना फूटपट्टी थांबली, आणि त्यानं चटकन एका ओळीवर तळहात ठेवला.

“तुमचे आजोबा कितव्या वर्षी आले?”

“ऐंशीव्या. मूठमाती मीच दिली.”

“त्यांच्या वेळचं घरात कुणी हाय?”

“नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. शेवटी त्यानं हात उचलला. नाव आजोबांचं, बापाचं नाव पणजोबांचं, वय वर्षं तीन.

“तुमचे आजोबा,” तो हळू आवाजात म्हणाला, “हितं दोनदा आलेत.”