आमच्या घरातलं मेंढरू

कुत्र्यांच्या पार्लरवालीने कातरलेली बुंदी माझ्या हातात दिली आणि मी हादरलेच. माझी गुबगुबीत पूडल एवढीशीच होती? गुलाबी कातडी, काटकुळे पाय. डोळे तेवढे तेच. पूडलचे केस गळत नाहीत, वाढतच राहतात, म्हणून कातरावे लागतात, हे मी वाचलं होतं. पाहणं वेगळं.

त्यात आईची धास्ती. आम्ही धनगर. आमच्यात कुत्रं मेंढरांच्या राखणीला, उंबऱ्याच्या बाहेर. माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिने बजावलं होतं, "कुत्रं घरात असंल तर मी चालले गावाला." मग बुंदीच्या कुरळ्या लोकरीवर हात फिरवून म्हणाली, "हे मेंढरू हाय. ऱ्हाऊ दे."

मी घरातली पहिली पदवीधर. कॉलेजातून केस कापून गावी गेले, तेव्हा लोक मलाही परकी समजले होते. माणसं आपल्याला ओळखतात की आपल्या केसांना, कोण जाणे.

दार आईनेच उघडलं. बघतच राहिली.

"अगं, हे तर कुत्रंच निघालं."

बुंदी थरथरत होती.

"मग दारात काय उभी ऱ्हायलीस? कुडकुडतंय ते. माझी घोंगडी आण."