मंजूर झालेलं पत्र

मी लेखक नाही. घरात कॉलेजला जाणारा पहिलाच आहे, तरी लिहायचं धाडस करतोय, त्याबद्दल माफ करा.

लहान मुलांच्या रक्तातलं शिसं तपासणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात मी समित्यांचा पत्रव्यवहार सांभाळायचो. चाकणला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणाऱ्या दुकानामागे भाड्याने राहणाऱ्या एका मुलीचं प्रमाण जास्त निघालं. मला ते कळलं होतं, पण पालकांना द्यायचं पत्र मंजूर होईपर्यंत सांगायला मनाई होती. डॉक्टरांच्या समितीला पत्र मोघम वाटायचं, म्हणून ती तपशील घालायची. पालक घाबरतील म्हणून दुसरी समिती तेच तपशील काढायची. मी दोघांनाही नम्र मेल पाठवत राहिलो.

मुलीची आई दर सोमवारी फोन करायची. "दादा, बारावीचा निकालसुद्धा याच्या आधी लागतो," ती एकदा म्हणाली. मी हसलो, त्याची अजून लाज वाटते.

पुढे तिचे फोन थांबले, तिचा नंबरही बंद लागू लागला. पत्र मंजूर झालं त्याच दिवशी मी ते घेऊन गेलो. दारात अनोळखी मूल खेळत होतं. घरमालक म्हणाले, "ते व्हय? अकरा महिन्यांचा करार संपला, गेले. कुठं, ते म्हाईत न्हाई."