हातावरचं दही

सोनगीरच्या फाट्यावर एसटी थांबायची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन मी इंग्लंडला निघाले, त्या सकाळी उंबऱ्यात मायने माझ्या तळहातावर दही ठेवलं. "खाय, म्हंजे फिरी येशी," ती म्हणाली. दही खाऊन निघालेलं माणूस परत येतं, यावर तिचा ठाम विश्वास होता.

ते दही कसं आलं, तेही मला माहीत होतं. म्हशीचं पारडू आठवड्यापूर्वीच मेलं होतं आणि म्हैस पान्हा सोडेना. आबांनी पारडाचं कातडं सोलवून आणलं, त्यात भुसा भरला आणि चार काठ्यांवर उभं केलं. म्हैस ते चाटत राहिली आणि आबांनी बादली भरून घेतली. गावात असंच करत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दहीही गोड लागलं.

लीड्सला दुसऱ्या वर्षी मला मुलगी झाली. ती रडलीच नाही. दोन-तीन दिवसांनी मला दूध आलं. माझ्या शरीराला कुणी बातमी दिली नव्हती. नर्सने छाती घट्ट बांधली, दुःख कसं सोसावं याचं छापील पत्रक दिलं आणि वर दुधाचा चहा दिला. त्या कपाकडे पाहताना मला भुशाचं पारडू दिसलं. कप तसाच राहिला. त्यानंतर दूध-दही माझ्या तोंडी गेलं नाही.

या वागण्याला तिकडे व्हीगन म्हणतात, हे नंतर कळलं. एका सभेला गेले. वक्ते तासभर करुणेवर बोलले, सगळ्यांनी छातीवर बिल्ले लावले आणि खुर्च्या आवरायला कुणी थांबलं नाही. मी पुन्हा गेले नाही. घरी ह्यांनी एकही प्रश्न न विचारता सोयाचं दूध आणायला सुरुवात केली. ते चहात फाटायचं. आम्ही मुकाट्याने फाटका चहा प्यायचो.

नव्वदनंतर माहेरी आले, तेव्हा आबांनी पहिल्याच सकाळी विचारलं, "चहा नही, दही नही. तठे काय वारा पिसन जगस का?" मग ओट्यावरच्या मंडळींना सांगितलं, "पोर इंग्लंडले गयी अन् साध्वी व्हई गयी." सगळे हसले. मीही हसले. मायला मात्र मी रात्री सगळं सांगितलं. तिने गोठा विकला नाही की दूध सोडलं नाही. घर त्या म्हशीवरच चालत होतं.

निघायच्या दिवशी मात्र तिने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. आबा ओरडले, "गूळवर कोन फिरी येस का?"

"तुम्हीन गप्प बठा," माय म्हणाली. मी परत येणार नाही, ही भीती तिला आबांपेक्षा जास्त होती. तरी तिने दह्याची वाटी आतच ठेवली. त्या सभेतल्या सगळ्या बिल्ल्यांपेक्षा मला तिचा तो गूळ ठेवणारा हात धीट वाटतो.

मी परत आले, ती माय गेल्याचा फोन आल्यावर. पोहोचले तोवर राख सावडून झाली होती. दह्याचा मान मोडला म्हणून मायलेकींची गाठ पडली नाही, असं ओट्यावर ठरून गेलं होतं. आबांनी ते खोडलं नाही.

मी निघाले तेव्हा ते स्वयंपाकघरात डबे उघडून पाहत होते. गूळ कुठे असतो, हे त्यांना माहीत नव्हतं. मी डबा काढून दिला. त्यांनी खडा माझ्या हातावर ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिले. मायचं ते वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही.

दूध सोडणं मला जमलं. त्या गावाला घर म्हणायची सवय मात्र सुटत नाही, आणि फिरी येशी म्हणणारं तिथे कुणी नाही.