चेल्लक्कण्णूने न कोरलेली जात

चेल्लक्कण्णू पाथरवट तसा अबोल माणूस. मदुरैच्या पलीकडे, वैगई नदीकाठच्या त्याच्या गावात फार जुन्या काळी एक तमिळ कवी होऊन गेला, म्हणून सरकारने तिथे पुरुषभर उंचीचा दगडी खांब उभारला. त्यावरची अक्षरं चेल्लक्कण्णूने अडीच महिने खपून कोरली होती.

भांडण पेटलं ते जातीवरून. वरची आळी म्हणायची कवी आमचा, खालची म्हणायची आमचा. पोंगलच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, वरच्या आळीतले चाळीसेक जण विळे-पहारी घेऊन निघाले. चेल्लक्कण्णूही त्याच आळीतला. त्याला घरातून ओढत खांबापाशी आणलं. पुढे होता वैरवन, त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. मामाची मुलगी पूंगोडी त्याला देऊ केलेली, लग्न तीन महिन्यांवर आलेलं.

कवीच्या नावाखाली आपली जात कोर, असं त्यांचं म्हणणं.

"मामा, चार अक्षरांचं तर काम आहे. घे छिन्नी," वैरवन म्हणाला.

"दोन हजार वर्षांमागचा माणूस तो. त्याची जात मला ठाऊक नाही. तुला आहे?"

कुणीतरी त्याच्या कानशिलात हाणली. तोंडातून रक्त आलं, तरी त्याने छिन्नीला हात लावला नाही. तेवढ्यात खालच्या आळीतून दगड आले. कपाळं फुटली, विळे चालले, चहाचं दुकान पेटलं. आमचा नाही तर कुणाचाच नाही, म्हणत वैरवनने घण उचलला. चेल्लक्कण्णूने खांबाला मिठी मारली. मामाचा हात वैरवनला स्वच्छ दिसत होता. घण मनगटावरच बसला. दुसरा घावही तिथेच. पूंगोडीने धावत येऊन खाली पडलेली छिन्नी उचलली आणि होणाऱ्या नवऱ्याच्या खांद्यात खुपसली, तेव्हा कुठे घण त्याच्या हातून सुटला.

खालच्या आळीतला एकजण जागीच गेला. चेल्लक्कण्णूचा उजवा हात इस्पितळात मनगटापासून कापावा लागला.

कोर्टात सगळं गाव म्हणालं, आम्ही काही पाहिलं नाही. चेल्लक्कण्णूने भाच्याचं नाव सांगितलं. वैरवनला सात वर्षांची सजा झाली. पूंगोडीने पुढे लग्न केलं नाही. बापाकडून अक्षरं शिकून ती पाटे-वरवंटे अन् थडग्यांचे दगड कोरू लागली.

बहीण, वैरवनची आई, एकदाच दारात आली, मूठभर माती उधळून शिव्याशाप देऊन गेली. ती वारली तेव्हा चेल्लक्कण्णू मयताला गेला. कुणी त्याला बस म्हटलं नाही. तिरडी उचलेपर्यंत तो अंगणात उन्हात उभा राहिला.