सातवी पायरी आणि आमचे घरमालक

पाहुण्यांची काळजी आमच्या घरमालकांइतकी साऱ्या माळव्यात कुणी केली नसेल, आणि त्या काळजीचा पाहुण्यांनी एवढा धसकाही दुसऱ्या कुठल्या घरात घेतला नसेल. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही अकरा वर्षं भाड्यानं राहिलो. मालक न्यायालयातले निवृत्त पेशकार. जज्जसाहेबांच्या शेजारी उभं राहून फायली पुढे करण्यात त्यांचा जन्म गेला. अशाच एका मुकदम्यात भाडेकरूकडे आलेला पाहुणा सज्ज्यातून खाली पडला होता, आणि साहेबांनी भाडेकरूला सोडून घरमालकाला फैलावर घेतलं होतं. तेव्हापासून यांच्या मनानं असं घेतलं, की आपल्या दारात येणारा प्रत्येक पाहुणा हातपाय मोडून घ्यायलाच आलेला असतो. "किरायेदाराला घराची आदत असते," ते बाबांना सांगायचे, "तो पडला तर त्याचा तो. मेहमान बिचारा काय जाणे? त्याची जिम्मेदारी माझी."

आता उज्जैनमध्ये घर बांधायचं आणि पाहुण्यांना भ्यायचं, हे जमायचं कसं? महाकालाच्या दर्शनाला निघालेल्या माणसाला गाडीत बसल्याबसल्या उज्जैनचा नातेवाईक आठवतोच. आमच्याकडे तर पाहुण्यांची रीघ असे. टांगा थांबला की मालक दारात हजर. "चष्मा दूरचा की जवळचा?" हा त्यांचा पहिला प्रश्न, नमस्कार त्यानंतर. आमच्या दाराची चौकट ठेंगणी होती, तिला त्यांनी आपल्या कचेरीतल्या खुर्चीची गादी खिळे मारून ठोकली होती. उंच पाहुणे त्या गादीवर डोकं आपटून मगच घरात येत. इंदूरची माझी मावशी अंगानं चांगली भरलेली. ती झोपाळ्यावर बसायच्या आत मालकांनी गव्हाची दोन पोती त्याच्यावर चढवली, स्वतः मध्ये बसले आणि दहा मिनिटं झोके घेऊन कड्या तपासल्या. मावशी मुकाट्यानं सतरंजीवर बसली आणि जाताना आईला म्हणाली, "तुझा घरमालक मला दोन पोत्यांवर एक माणूस धरतो गं!"

पण सगळ्यात मानाची होती ती जिन्यातली सातवी पायरी. ती डुगडुगायची. बाबांनी किती वेळा सांगितलं, मिस्त्री बोलवा, एका दुपारचं काम आहे. मालक मान हलवत. "पक्की केली की माणूस गाफील होतो. सूचना दिली की तो पडत नाही, आणि पडला तरी मालक सुटतो." मग प्रत्येक पाहुण्याचं कोपर धरून ते मोठ्यानं पायऱ्या मोजत वर आणायचे आणि सहावीवर थांबून ओरडायचे, "अब सातवी! लांघ जाओ!" आम्ही घरचे तर भरलेली कळशी घेऊनही सहावीवरून थेट आठवीवर जायचो. स्वतः मालकही तसेच.

पुढे नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला ठरली आणि बाबांच्या खात्यातल्या फायली पेट्यांमध्ये भरल्या जाऊ लागल्या. उज्जैन सोडायच्या आत ताईचं लग्न ठरावं, एवढी एकच तळमळ आईला लागली होती. एक चांगलं स्थळ हातचं गेलं होतं ते मालकांमुळेच. मुलाच्या आजोबांना त्यांनी सहाव्या पायरीवर उभं करून गुडघ्यांची चौकशी केली आणि "कमरेला रस्सी बांधू का?" असं अगदी मनापासून विचारलं. आजोबा तिथूनच परत फिरले. त्यानंतर ग्वाल्हेरच्या एका तरुण मास्तरांचं स्थळ आलं. त्यांचा फोटो ताईच्या उशीखाली सापडला. आई खाली गेली आणि तिनं मालकांपुढे हात जोडले. "या वेळेला एक शब्द बोलू नका. माझ्या पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे." मालकांचा चेहरा पडला. "ठीक आहे वहिनी. बिल्कुल चूप."

मंडळी आली. मालक जिन्याखाली हात बांधून, ओठ मिटून उभे होते. मुलाच्या वडिलांनी सातव्या पायरीवर भक्कम पाय ठेवला आणि आईनं डोळे मिटले. पण पायरी जागची हलली नाही! आम्ही देवळात गेलेलो असताना मालकांनी मिस्त्री बोलावून ती पक्की करून घेतली होती. सूचना द्यायची बंदी, मग दुसरं करणार काय? आणि आम्ही कुणीच तिच्यावर पाय ठेवत नसल्यामुळे आम्हाला पत्ताच नव्हता.

पोहे झाले. मुलाचे वडील म्हणाले, "खाली उभे होते ते कोण? एकसारखे आमच्या पायांकडे बघत होते." घरमालक आहेत म्हटल्यावर त्यांनी मालकांनाही चहाला बोलवायला लावलं. मालक खुशीत निघाले. आपली नवी पायरी पाहुण्यांना दाखवावी म्हणून त्यांनी मनाशी सातवीवर पाय ठेवायचं ठरवलं. पायानं मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीनं आठवीकडे झेप घेतली. दोघांची चुकामूक झाली आणि मालक बसल्याबसल्या थेट खाली आले.

मास्तर सगळ्यांच्या आधी धावले. त्यांनी मालकांना उचलून वर आणलं. ताई आपल्याला बघायला मंडळी आलीत हे विसरून गरम हळद घेऊन आली, आणि सुजलेला घोटा दोघांनी मिळून बांधला. मालक कण्हत होते, पण डोकं न्यायालयातच होतं. "मी इथे कोण? चहाला बोलावलेला मेहमान. मेहमान पडला, जिम्मेदारी कुणाची? मालकाची. आणि मालक कोण? मीच!" त्यांनी स्वतःपुढेच हात जोडले. "माफ करा साहेब. वैद्य मालक बोलावतील, आपण फिकीर करायची नाही." मुलाच्या वडिलांना हसता हसता ठसका लागला. डोळे पुसत ते बाबांना म्हणाले, "पाहुण्याची इतकी काळजी करणाऱ्या घरात वाढलेली मुलगी आम्हाला पसंत आहे."

ताई ग्वाल्हेरला गेली, आम्ही भोपाळला. चारेक वर्षांनी मी दर्शनाला म्हणून उज्जैनला आले आणि फ्रीगंजमध्ये त्या घरी गेले. मालक थकले होते, नजर मंदावली होती, चालताना किंचित लंगडत होते. वरच्या नव्या भाडेकरूंनी मला चहाला बोलावलं. मी नेहमीसारखी जिना चढायला लागले, तोच मागून कोपराला हात लागला. अकरा वर्षांत त्यांनी कधी माझं कोपर धरलं नव्हतं.

"काका, मला पाठ आहे हा जिना."

"तेव्हा तू किरायेदार होतीस बेटा. आता मेहमान आहेस."

ते मोजत होते, एक, दोन, तीन. सहावीवर थांबून हळूच म्हणाले, "सातवी पक्की आहे. ठेव पाय." माझा पाय आठवीकडे उचलला गेलाच होता. तो मी खाली घेतला, सातवीवर ठेवला, आणि वर पोचेपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.